हूक घरी ठेवून या

वाशीच्या दाणा मार्केटमध्ये मी एकतीस वर्षं गोण्या वाहिल्या, त्यातली शेवटची अकरा टोळीचा मुकादम म्हणून. वडील मस्जिद बंदरला हमाल होते. बाजार खाडीपलीकडं आला तसे आम्हीही कोपरखैरण्याच्या बैठ्या घरात आलो. मूळ गाव जावळी तालुक्यात. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की म्हाताऱ्याच्या अंगात दम नसेल म्हणून तो मारामारी नको म्हणतोय. साठ किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चालणाऱ्याला कुणाच्या कानाखाली आवाज काढणं जड जात नाही. आमच्यातल्या एकानं तो काढलाही होता.

एका गाळ्यावर पन्नासच्या नावाखाली साठ-बासष्ट किलोच्या गोण्या यायच्या. नियम पन्नासचा. सांगून सांगून जीभ झिजली. एक दिवस गाळ्यावरचा मेहताजी, म्हणजे हिशोब लिहिणारा, आमच्या एका पोराला बापावरून बोलला आणि पोरानं त्याला ठेवून दिली. एकच. त्या दिवसापर्यंत प्रश्न गोणीच्या वजनाचा होता, दुसऱ्या दिवशी तो मारामारीचा झाला. मेहताजीच्या सुजलेल्या गालाचा फोटो मार्केटभर फिरला. बासष्ट किलोच्या गोणीचा फोटो आम्ही कधी काढलाच नव्हता. आतून आमच्या बाजूचे होते ते दोन-तीन व्यापारीही गप्प बसले. पोरगा साडेचार वर्षं कोर्टाच्या तारखा करत राहिला, प्रत्येक तारखेला एक खाडा. आणि आम्ही पुढचे आठ महिने बासष्टच किलो वाहिले.

मग दुसऱ्यांदा भांडलो ते वेगळ्या पद्धतीनं. ती पद्धत चाळीतली पोरं अजून विचारायला येतात. कुणी डिलिव्हरीचं काम करतो, कुणाची आई घणसोलीच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करते आणि तिला लिफ्ट वापरू देत नाहीत. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवतो.

आपल्यावाचून त्याचं काय अडतं?

भांडण सुरू करायच्या आधी चार रात्री ह्या एकाच प्रश्नावर बसा. माझा राग किती खरा आहे, हा प्रश्न नव्हे. राग खराच असतो. समोरच्याचं रोजचं कोणतं काम आपल्या हातांवर चालतं, ते शोधायचं.

अलिबागेजवळ चरी नावाचं गाव आहे. तिथल्या कुळांनी १९३३ साली खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. काय केलं? शेत कसलंच नाही. खोताच्या वाड्यावर दगड टाकला असता तर चार दिवसांत पोलिसांनी गाव साफ केलं असतं. पण न नांगरलेल्या जमिनीवर लाठी कशी चालवणार? पुढं सहा-सात वर्षं जमिनी पडीक राहिल्या आणि कुळांनी मिळेल त्या मजुरीवर घर चालवलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, त्यामागं ह्या पडीक शेतांचं बळ होतं. हात आखडता घेणं म्हणजे काय ते मला चरीनं शिकवलं.

आमचा हिशोब असा निघाला. गाळ्यावर माल येतो ट्रकनं. ट्रक ठरल्या वेळेत रिकामा झाला नाही की शेठला वाहतूकदाराला खोळंब्याचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे आमचं वजन ट्रकच्या फाळक्यावर पडत होतं, आणि आम्ही इतके दिवस मेहताजीच्या टेबलापुढं ओरडत होतो.

पण सगळंच काम बंद ठेवायचं नाही असंही ठरवलं. पन्नासच्या आतली प्रत्येक गोणी उतरवायची, वरची तिथंच सोडायची. ह्यावर टोळीत खूप वाद झाला. तरण्या पोरांना पूर्ण बंद हवा होता. मी म्हणालो, पूर्ण बंद केला तर शेठ म्हणेल हमाल माजलेत. हलकी उतरवून जड ठेवली तर ज्याला डोळे आहेत त्याला काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

मागणी एकच ठेवा. आमच्या पहिल्या कागदावर नऊ मागण्या होत्या, त्यात पंखा आणि संडासही होता. संडास गरजेचा होता हो, पण नऊ मागण्यांत समोरचा सगळ्यांत सोपी निवडतो, पंखा लावतो आणि फोटो काढतो.

वही

शंभर पानी वही, दहा-पंधरा रुपयांची. तारीख, गाडीचा नंबर, गोणीचं वजन, बघणारा कोण. आम्ही सव्वीस दिवस लिहिलं. वजन शेठच्याच काट्यावर केलं, म्हणजे काटा खोटा म्हणायची सोय राहिली नाही. काट्यावर वजन करणारा मापाडी सही करायला घाबरला. त्याला आम्ही भरीस घातलं नाही; तो फक्त आकडा मोठ्यानं बोलायचा, तेवढं पुरलं. सव्वीस दिवसांनी हिशोब केला: गोणीमागं सरासरी बारा किलो जास्त, माणशी दिवसाला शंभर गोण्या, म्हणजे बारा क्विंटल रोज फुकट. हा आकडा ऐकून टोळीतले जुने लोकसुद्धा गप्प झाले. आपल्याच पाठीचा हिशोब आपल्याला माहीत नव्हता.

सरकारी कागद लागत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, त्यात रडगाणं लिहू नका. आणि कुठलंही पत्र दिलं की पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. ‘साहेबांना तोंडी सांगितलंय’ ह्या वाक्यावर आजवर एकही भांडण जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. पत्रात मुदत घाला: अमुक तारखेपासून आम्ही पन्नास किलोवरची गोणी उचलणार नाही. लपूनछपून काही नको. गाळ्याच्या भिंतीवरसुद्धा एक प्रत चिकटवा.

तालीम

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक नेमकं हेच सोडतात. मोर्चाचं पत्रक छापतात, झेंडे शिवतात, आणि शिवी कानावर पडल्यावर हाताचं काय करायचं, ह्याची तालीम कुणी करत नाही.

अमेरिकेत जेम्स लॉसन नावाचे पाद्री होते. लष्करभरती नाकारली म्हणून तुरुंगात जाऊन आलेले. ते १९५३ साली आपल्या नागपुरात आले, हिस्लॉप कॉलेजात राहिले, गांधींचा मार्ग समजून घेतला आणि १९५६ ला परत गेले. नॅशव्हिल शहरात त्यांनी काळ्या विद्यार्थ्यांच्या तालमी घेतल्या. गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळींच्या काउंटरवर जाऊन नुसतं बसायचं होतं. त्याआधी कित्येक आठवडे ही पोरं आपापसांत नाटक करत. काहीजण गुंड व्हायचे, शिव्या द्यायचे, खुर्चीवरून ढकलायचे. बाकीच्यांनी बसून राहायचं. नियम ठरलेले: उलट मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडं. फेब्रुवारी १९६० मध्ये खरोखरच मारहाण झाली आणि पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून बसणाऱ्यांनाच धरलं. एक रांग उचलून नेली की रिकाम्या खुर्च्यांवर दुसरी रांग येऊन बसायची. १० मे १९६० ला त्या काउंटरांवर काळ्यांना जेवण मिळायला लागलं. युनियनच्या शिबिरात एका मॅडमनं हे सांगितलं, तेव्हा मला आधी हसूच आलं. मार खायची कसली आलीय तालीम?

तरी केली. दोन रविवार, मार्केट बंद असताना, समाजमंदिरात. आमच्यात एक भारूड करणारा होता, त्याला मेहताजी केलं. त्यानं इतका हुबेहूब केला की तिसऱ्याच मिनिटाला एक पोरगा उठला आणि त्याची गचांडी धरली. तालमीत! आम्ही सगळं थांबवलं आणि पोराला विचारलं, नेमका कुठला शब्द लागला? तो बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, ‘लंगड्याचा’. त्याचा बाप थप्पी कोसळून पायानं अधू झाला होता. मेहताजीला हे ठाऊक होतं, खरा मेहताजीही तोच शब्द वापरणार होता. मग आम्ही भारूडवाल्याला तो शब्द दहा वेळा बोलायला लावला. पहिल्या तीन वेळा पोराचे कान लाल झाले. सातव्या-आठव्या वेळी भारूडवाल्यालाच बोलवेना. शेवटी पोरगा म्हणाला, ‘आता बोल की लेका, थांबलास का?’ तिथं सगळे हसले. तुमच्या टोळीतही प्रत्येकाचा असा एक शब्द असेल. तो समोरच्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू देऊ नका.

तालमीत आणखी दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली, हात रिकामे ठेवायचे नाहीत. रिकामा हात रागाच्या वेळी आपोआप वर जातो. आम्ही प्रत्येकानं डोक्याचं फडकं दोन्ही हातांत धरायचं ठरवलं. दुसरी, धक्काबुक्की सुरू झाली की सगळ्यांनी एकदम खाली बसायचं. बसलेल्या माणसाला ढकलता येत नाही. आणि गर्दीत दगड घेऊन घुसलेला बाहेरचा माणूस एकटाच उभा राहतो, कॅमेऱ्याला लगेच दिसतो. आम्ही मुकादमाच्या शिटीवर बसायची इतकी सवय केली होती की पुढं महिनाभर कुणीही शिटी वाजवली की लोक वाकायचे.

आणि हूक. पोत्यात रुतवायचा लोखंडी हूक हमालाच्या खांद्यावर कायम असतो. तो आमच्या दृष्टीनं हत्यार नाही, अवजार आहे. पण पोलिसांच्या पंचनाम्यात ते ‘धारदार लोखंडी हत्यार’ होतं. संविधानाच्या १९व्या कलमात शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क आहे, आणि तो ‘विनाशस्त्र’ शब्द आपल्याविरुद्ध वापरायची संधी कशाला द्यायची? आदल्या रात्री आमच्या हिनं सगळ्यांचे हूक मोजून एका पोत्यात भरले, वर बटाटे ठेवले आणि पोतं पलंगाखाली सरकवलं. एकोणीस माणसं, एकोणीस हूक. एकजण म्हणाला मी घरी विसरलोय. ती म्हणाली, मग आणून दे, तोवर चहा नाही.

महाडची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, पण तिचा एक भाग लोक पटकन ओलांडून जातात. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर गावातल्या सवर्णांनी अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला केला, जेवत असलेल्यांनाही सोडलं नाही. मार खाणाऱ्यांत लष्करात नोकरी केलेले लोक होते. बाबासाहेबांच्या एका शब्दानं महाडात काय झालं असतं? त्यांनी तो शब्द दिला नाही. लोकांना आवरलं. पुढं तळ्याचा दावा दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं दिला. गावाला जाताना महाड-पोलादपूरवरून गेलो की मी त्या लष्करातल्या माणसांचा विचार करतो. त्यांच्या मुठी किती दुखल्या असतील.

पोलीस

आंदोलनाआधी पोलीस समज देणारी नोटीस पाठवतात, तिला आमच्या वेळी ‘१४९ची नोटीस’ म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले, आता तीच नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते आणि जमावबंदीचं जुनं १४४ म्हणजे आताचं १६३. नोटीस म्हणजे अटक नव्हे. ती घ्या, वाचा, एक प्रत ठेवा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ खालचा मनाई आदेश सणासुदीला, निवडणुकीला लागतोच. तारीख ठरवायच्या आधी तो बघून घ्या.

बोलणारा माणूस एकच ठेवा, आणि तो सगळ्यांत तापट नको. वकिलाचा नंबर मोबाइलमध्ये नको, पेनानं दंडावर लिहा, कारण मोबाइल आधी जातो. बीपी-शुगरच्या गोळ्या खिशात ठेवा. ताब्यात घेतलं तर हिसडे देऊ नका, नाव विचारलं तर सांगा. अटक केली असेल तर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवाद असेल तेव्हाही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. हवालदाराशी भांडू नका. त्याच्या पाठीवरही कुणीतरी बासष्ट किलो ठेवलेलेच असतात.

बघणाऱ्यांचं काय

पहिल्या दिवशी आम्ही एक चूक केली. जड गोण्या सोडलेल्या तीन ट्रकचे ड्रायव्हर अडकून पडले, त्यातला एक इंदूरचा, त्याच्या मुलीला ताप. त्याचा सगळा राग आमच्यावर. बरोबरच होतं. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरांचं दोन वेळचं जेवण आमच्या घरांतून गेलं. तिसऱ्या दिवशी तोच इंदूरवाला शेठला म्हणाला, ‘साठ भरता कशाला? माझी गाडीपण बसते.’ आम्ही शंभर घोषणा दिल्या असत्या तरी एवढं काम झालं नसतं.

मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा पायी मोर्चा नाशिकहून निघाला. मुंबईपर्यंत १८० किलोमीटरची वाट. तो ठाण्यातून मुलुंडकडं गेला, तेव्हा मी बघायला गेलो होतो. बायांच्या टाचा फुटलेल्या, काहींच्या चपलांचे तळ गेलेले. १२ तारखेला विधानभवनाकडं जायचं होतं आणि त्याच दिवशी दहावीचा पेपर. पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून दिवसभर चालून आलेली ती माणसं सायनच्या सोमय्या मैदानावरून रातोरात उठून आझाद मैदानाला गेली. सकाळी मुंबईकर चपला, बिस्किटं आणि पाणी घेऊन रस्त्यावर उभे होते. त्याच दिवशी सरकारनं मागण्यांबाबत लेखी आश्वासन दिलं. ते पुढं किती पाळलं गेलं हा वेगळा विषय, कारण पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा मोर्चा घेऊन निघावं लागलं. पण ती एक रात्र चालणं, ह्याला मी डावपेच म्हणतो. आणि माणुसकीही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

कधी जमत नाही

नात राज्यशास्त्र शिकते. तिनं सांगितलं, एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन ह्या दोघींनी १९०० ते २००६ मधल्या जगभरच्या ३२३ मोठ्या चळवळी तपासल्या. अहिंसक चळवळींना ५३ टक्के वेळा यश आलं, सशस्त्रांना २६ टक्के. ती खूश. मी म्हणालो, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा हरलेच की. ती म्हणाली, आबा, पण दुप्पट! दोघांचंही बरोबर आहे. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर धरणाच्या कामावर आडवं पडून सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, आणि धरण झालंच.

आमच्या घराखालची जमीनसुद्धा आगरी-कोळ्यांची भातखाचरं होती. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या जासई-दास्तान फाट्याला दि. बा. पाटलांबरोबर ते जमिनीच्या मोबदल्यासाठी उतरले, गोळीबारात पाच माणसं गेली, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा हिशोब पुढं आला. शेजारच्या म्हाताऱ्याला मी शांततेचं शहाणपण शिकवायला जात नाही. त्यांनी जे गमावलं त्यावर माझं छप्पर आहे.

उपोषणाबद्दल माझं मत कडक आहे. आमच्या पोरांना पहिल्याच दिवशी उपोषण सुचतं, कारण त्याला तयारी लागत नाही. ज्याला तुमच्या मरण्यानं फरक पडतो त्याच्यासमोर ते चालतं. मणिपूरच्या इरोम शर्मिलांनी लष्कराला खास अधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध २००० ते २०१६, जवळजवळ सोळा वर्षं अन्न घेतलं नाही, नळीनं जगवलं, आणि उपोषण सुटलं त्या दिवशी तो कायदा जागेवरच होता. गाळ्याच्या शेठला तुमच्या पोटाशी काय देणंघेणं? त्याला ट्रक रिकामा हवा.

आणि घरात नवरा मारत असेल, रस्त्यात कुणी अंगावर येत असेल, तर ह्यातलं काहीच लागू नाही. सुटा, पळा, ११२ लावा. जीव वाचवायला कायद्यानंही हात चालवायची मुभा दिलेली आहे.

आमचं नऊ दिवस चाललं. चौथ्या दिवशी शेठनं बाहेरची माणसं आणली. आम्ही अडवलं नाही, फक्त त्यांच्या हातात वहीची झेरॉक्स दिली. ती माणसं दुपारपर्यंतच टिकली. सवय नसलेल्या पाठीला बासष्ट किलो झेपत नाहीत. सहाव्या दिवशी मेहताजीनं तो शब्द वापरला. पोरानं फडकं घट्ट धरलं आणि भारूडवाल्याकडं बघितलं. भारूडवाल्यानं मान खाली घातली, कारण त्याला हसू आवरत नव्हतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी शेठनं बोलावलं. तोंडी कबूल करत होता. आम्ही कागद मागितला, तो आला. मागच्या जादा वजनाची भरपाई मात्र आम्ही सोडून दिली. काहींना ते अजून पटलेलं नाही. गुलाल उधळायला मी बंदी केली होती, कारण सकाळी त्याच गाळ्यावर जायचं होतं आणि त्याच मेहताजीकडून पावती घ्यायची होती.

सकाळी हिनं पलंगाखालचं पोतं काढून हूक मोजून दिले. पहिला ट्रक लागला. मी पहिली गोणी काट्यावर ठेवायला लावली आणि मेहताजीला हाक मारली. तो चष्मा पुसत आला, वाकून बघितलं. मापाडी मोठ्यानं बोलला, ‘एकोणपन्नास आठशे.’ मेहताजी म्हणाला, ‘लिहा.’ आम्ही लिहिलं.